खांद्यावरची एक सुई: मानदुखीच्या उपचारातून न्यूमोथोरॅक्सपर्यंत

न्यूमोथोरॅक्स म्हणजे फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साचणं. हे प्रकरण रुग्ण आणि सुई लावणारी थेरपिस्ट, दोघींच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी भूलशास्त्राचा डॉक्टर आहे, जुनाट दुखण्यांची ओपीडी चालवतो. ज्या क्लिनिकमध्ये हे घडलं तिथे मी काम करत नाही. घटनेनंतर कागदपत्रं पाहून मत द्यायला त्यांनी मला बोलावलं, म्हणून सगळ्यांशी बोलता आलं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं हे क्लिनिक. खाली हाडांच्या डॉक्टरांची ओपीडी, वरच्या मजल्यावर फिजिओथेरपी आणि तिला लागून ॲक्युपंक्चरची खोली. ॲक्युपंक्चर बघणारे सर साठीच्या पुढचे, या शास्त्रात उभी हयात घालवलेले. महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी होते, त्यामुळे ‘मान्यता आहे का’ हा प्रश्न इथे नव्हता. (डॉ. कोटणीसांचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण १९३८ साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात रुजवली, हे कोटणीसांच्या सोलापुरातही फारसं कुणाला ठाऊक नसतं.)

थेरपिस्ट मुळात फिजिओथेरपीची पदवीधर. ॲक्युपंक्चरचा अभ्यासक्रम पुरा करून ती सरांच्या हाताखाली काम करत होती. तिची वही मी चाळली. प्रत्येक बिंदूचं नाव, क्रमांक, सुई किती चुन आत, किती मिनिटं, सगळं सुवाच्य अक्षरात. चुन हे चिनी माप रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीवरून धरतात. आयुर्वेदातल्या स्वांगुल प्रमाणासारखंच. सुया मात्र मिलिमीटरवर विकल्या जातात. बाजारात एक चुनाची सुई म्हणजे २५ मिलिमीटर आणि दीड चुनाची ४०, असा सरळ हिशेब आहे. वहीतही तिने चुनाशेजारी मिलिमीटर लिहून ठेवले होते. माप सगळ्यांना सारखंच, माणूस कोणताही असो.

आणखी एक गोष्ट, जी पुढे महत्त्वाची ठरली. सर दर रविवारी मार्केट यार्डाजवळ हमालांसाठी मोफत उपचार केंद्र चालवत. थेरपिस्टचा हात बसला तो तिथे. पोत्यांची ओझी वाहून मान-खांदे घट्ट झालेली ती माणसं. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस स्नायू त्यांच्यात मुठीत मावत नाही. तिथे ४० मिलिमीटरची सुई निम्मी आत गेली तरी ती स्नायूतच असते.

रुग्ण

चौतिशीतल्या बाई, बँकेत काउंटरवर नोकरी. उंच आणि सडपातळ, वजन ४६ किलो. आठ महिने मान आणि उजवा खांदा दुखत होता. एमआरआयमध्ये वयाला साजेशी किरकोळ झीज, नस दबलेली नाही, हाताला मुंग्या नाहीत. वेदनाशामक गोळ्यांनी ॲसिडिटी व्हायची. फिजिओथेरपीने फरक पडला होता, पण मार्चअखेरीस व्यायाम सुटले आणि दुखणं परत आलं. बहिणीने ॲक्युपंक्चर सुचवलं, हाडांच्या डॉक्टरांनी ‘करून बघा, अपाय काही नाही’ म्हणून चिठ्ठी दिली. या चिठ्ठीकडे पुढे परत यावं लागेल.

केस पेपर मोठा बोलका आहे. एका बाजूला ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, स्नायूंचा ताण’, दुसऱ्या बाजूला सरांच्या अक्षरात नाडी (दोन्ही मनगटांवर तीन-तीन ठिकाणी), जिभेचा रंग आणि ‘पित्ताशय मेरिडियनमध्ये ची अडलेली’ (ची म्हणजे या शास्त्रातली जीवनशक्ती, मेरिडियन म्हणजे तिची शरीरातली वाट). दोन्ही भाषा शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. खाली छापील प्रश्नावली: रक्त पातळ करण्याच्या गोळ्या? पेसमेकर? फिट्स? गरोदर? शेवटच्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण. तो प्रश्न तिथे असण्यामागे परंपरा आहे, कारण जीबी-२१ हा पित्ताशय मेरिडियनवरचा, खांद्यावरचा बिंदू गरोदरपणी वर्ज्य मानतात. म्हणजे त्या बिंदूबद्दल सावध राहायचं हे फॉर्म करणाऱ्याला माहीत होतं. पण त्याच बिंदूच्या थेट खाली फुप्फुसाचं टोक येतं, याबद्दल फॉर्ममध्ये अवाक्षर नव्हतं.

काय घडलं

पहिल्या दोन बैठका सरांनी स्वतः घेतल्या. पालथं झोपवून मानेच्या मागे, हातावर आणि जीबी-२१ वर सुया. बाईंना दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या वेळी सर गावाला गेले होते. टेबल दुसऱ्या रुग्णाने अडवलेलं, म्हणून थेरपिस्टने बाईंना खुर्चीवर बसवूनच सुया लावल्या. सरांनी लिहून ठेवलेलेच बिंदू, ०.२५ बाय ४० मिलिमीटरच्या सुया. खांद्यावर सुई सरळ खाली, ‘निम्मी’ आत. बाईंना जडपणा जाणवला, ज्याला या शास्त्रात दे-ची म्हणतात आणि जो आला की सुई योग्य जागी लागली असं समजतात.

वीस मिनिटं सुया ठेवायच्या होत्या. मध्येच बाईंचा फोन वाजला. पर्स शेजारच्या स्टुलावर होती. त्यांनी उजवा हात लांब करून फोन काढला, शाखेतून कुणीतरी काहीतरी विचारत होतं, दोन वाक्यं बोलून ठेवून दिला. थेरपिस्ट तेव्हा पडद्यापलीकडे होती. सुया काढताना काही दुखलं नाही. बाई स्कूटरवरून घरी गेल्या.

रात्री साडेआठला क्लिनिकच्या मोबाइलवर त्यांचा फोन आला: “मॅडम, उजवीकडे छातीत वर टोचतंय. दम लागल्यासारखं होतंय, पुरता श्वासच घेता येत नाहीये.”

समोरचे पर्याय

फोन थेरपिस्टनेच घेतला. तिच्यासमोर तीन वाटा होत्या आणि त्या क्षणी तिन्ही पटण्यासारख्या होत्या.

पहिली, धीर द्यायचा आणि शेक घ्यायला सांगायचं. सुयांनंतर स्नायू एखादा दिवस ठणकतो, हे खरंच आहे. तिने सरांना फोन लावला तेव्हा त्यांनीही हेच सुचवलं: “दे-ची जोरात आली असेल, गरम पाण्याची पिशवी घ्यायला सांग, सकाळी बघू.”

दुसरी, घाबरल्यामुळे असेल असं धरून अर्ध्या तासाने परत फोन करायचा. बाई स्वभावाने काळजी करणाऱ्या, पहिल्या बैठकीच्या आधी दोनदा विचारून गेल्या होत्या.

तिसरी, त्याच रात्री एक्स-रे. यात खर्च, रुग्णाला भीती, आणि सगळं नॉर्मल निघालं तर सरांच्या शब्दाबाहेर गेल्याचा ठपका.

तिने तिसरी वाट धरली. कारण विचारल्यावर ती म्हणाली की बाईंनी दुखण्याची जागा खांद्यावर न सांगता छातीत सांगितली, आणि ‘पुरता श्वास घेता येत नाही’ हे वाक्य तिने फिजिओथेरपीच्या शिक्षणात, छातीच्या वॉर्डात ऐकलं होतं. स्नायू ठणकला तर मान वळवताना दुखतं. श्वास घेताना दुखलं तर विचार बदलायचा. सुईने फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडलं तर त्रास लगेच सुरू होईलच असं नाही. हवा हळूहळू साचते, लक्षणं कित्येक तासांनीही येतात. म्हणून ‘सुया काढताना काही झालं नव्हतं’ या बचावात दम नव्हता.

ती स्वतः रिक्षाने बाईंच्या घराजवळच्या हॉस्पिटलात पोचली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तिने पहिलंच वाक्य सांगितलं की दुपारी उजव्या खांद्यावर, इथे, साधारण २० मिलिमीटर सुई घातली होती. तिने हे सांगितलं नसतं तर धडधड, दम आणि चिंता घेऊन आलेल्या तिशीतल्या बाईचा आधी ईसीजी निघाला असता आणि बहुधा ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं असतं.

एक्स-रेमध्ये उजवीकडे लहान न्यूमोथोरॅक्स. फुप्फुसाच्या मध्यभागाच्या पातळीवर छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यातलं अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे ‘लहान’ गटातला. सॅच्युरेशन ९६. छातीत नळी घालायची गरज नव्हती. ऑक्सिजन, निरीक्षण, सकाळी पुन्हा एक्स-रे. हवा वाढली नव्हती, संध्याकाळी घरी सोडलं.

बाईंना काय सांगायचं

मला या प्रकरणातला सगळ्यात अवघड टप्पा हाच वाटतो.

उंच, सडपातळ माणसांमध्ये न्यूमोथोरॅक्स आपोआपही होतो. हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे, आणि क्लिनिकच्या मालक डॉक्टरांना ते लगेच आठवलं. ‘तुमची शरीरयष्टी तशी आहे, योगायोग असू शकतो’ एवढं म्हटलं असतं तर त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बिलाचा प्रश्न, विम्याचा प्रश्न, क्लिनिकच्या नावाचा प्रश्न, सगळे मिटले असते. बैठकीत हा मुद्दा अर्धा तास चालला असं मला सांगितलं गेलं.

शेवटी ठरलं की सांगायचं. सुई लावली त्याच बाजूला, त्याच जागेखाली, त्याच दिवशी झालेल्या गोष्टीला योगायोग म्हणणं म्हणजे समोरच्याला खुळ्यात काढणं. मालक डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघंही हॉस्पिटलात गेले, कारण सांगितलं, बिल क्लिनिक देईल असं सांगितलं. बाईंनी एकच प्रश्न विचारला: पुढच्या आठवड्यातलं मस्कतचं तिकीट काढलेलं आहे, जाता येईल का? नाही. साचलेली हवा शरीर शोषून घेतं, पण दिवसाला छातीच्या त्या बाजूच्या आकारमानाच्या जेमतेम १.२५ ते २.२ टक्के एवढ्याच वेगाने. एक्स-रे पूर्ण साफ झाल्यावरही आठवडाभर विमानात बसायचं नाही. भावाच्या मुलाचं बारसं हुकलं. बाईंनी तक्रार केली नाही, पण त्या सुयांकडे परत वळल्याही नाहीत.

कारण शोधताना

फाइलमध्ये त्या दिवसाची नोंद होती: ‘वरीलप्रमाणे’. खोली नाही, कोन नाही, रुग्ण बसलेला की झोपलेला ते नाही. जे वर लिहिलं आहे ते थेरपिस्टच्या आठवणीवरून. त्यामुळे सुई मुळातच खोल गेली, की बाईंनी हात लांब केल्यावर आकसलेल्या स्नायूने ती ओढून घेतली, हे आता कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही. मला दोन्ही मिळून वाटतं. बारीक माणसाच्या खांद्याच्या त्या भागात कातडीपासून फुप्फुसापर्यंत अंतर १० ते २० मिलिमीटर एवढंच असू शकतं. तिथे २० मिलिमीटर सरळ खाली गेलेल्या सुईला पुढे सरकायला जागा उरत नाही, मग रुग्ण हलो वा न हलो.

पण पहिल्या दोन वेळा हीच सुई, हाच बिंदू, हेच माप, तरी काही झालं नाही. का? मी सरांना तो बिंदू माझ्या खांद्यावर लावून दाखवायला सांगितलं. उजव्या हातात सुई धरण्याआधी त्यांच्या डाव्या हाताने काय केलं ते मी पाहिलं. अंगठा आणि दोन बोटांनी त्यांनी ट्रॅपेझियस चिमटीत धरला, वर उचलला, आणि मग त्या उचललेल्या स्नायूतून सुई पुढून मागे, तिरकी घातली. फुप्फुस त्या वाटेवर कुठेच येत नाही. हे असंच का करता, असं विचारल्यावर ते क्षणभर गोंधळले. “असंच करतात,” म्हणाले.

थेरपिस्ट शेजारी उभी होती. तिने आपली वही उघडली. जीबी-२१ समोर ‘०.५ ते ०.८ चुन, २० मि.’ एवढंच. चिमटीबद्दल एक अक्षर नाही, कारण सरांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि हमालाच्या खांद्यावर ती चिमूट धड बसतही नाही, तिथे सर नुसतं दाबून सरळ टोचत. शिकताना तिने बघितला तो उजवा हात. या विद्येच्या जुन्या ग्रंथांत डाव्या हाताला उजव्याहून वरचा मान दिलेला आहे. सुईचा खरा जाणकार कोण हे डाव्या हातावरून ओळखावं, अशा अर्थाचं वचनच आहे. सरांना ते पाठ होतं. पण शिकवण्याच्या यादीत ते कधी आलं नाही.

याच बिंदूबद्दल १६०१ सालच्या, मिंग काळातल्या एका प्रसिद्ध ग्रंथात इशारा आहे: सुई खोल गेली तर रुग्ण घेरी येऊन कोसळतो, तसं झालं तर गुडघ्याखालच्या झूसानली बिंदूवर उपाय करावा. चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांना फुप्फुसाच्या आवरणाची कल्पना आपल्यासारखी नसेल, पण इथे खोल गेल्यावर माणूस पडतो हे त्यांनी पाहून लिहिलेलं आहे. परंपरेकडे उत्तर नव्हतं असं मला म्हणता येत नाही. उत्तर होतं, ते मिलिमीटरच्या वहीत उतरलं नाही.

क्लिनिकने काय बदललं

शिकाऊ थेरपिस्टने छाती, पाठीचा वरचा भाग आणि खांद्याचा माथा इथे सुया लावायच्या नाहीत, जोवर सरांसमोर त्या लावून दाखवल्या नाहीत तोवर. तिथे ४० मिलिमीटरची सुई वापरायचीच नाही. १३ किंवा फार तर २५. सुई तिरकी किंवा आडवी, चिमटीत धरलेल्या स्नायूत. रुग्ण झोपलेलाच हवा, फोन बंद, आणि सुया असेपर्यंत खोलीत कुणीतरी थांबलेलं. नोंदीत ‘वरीलप्रमाणे’ चालणार नाही. बिंदू, कोन, खोली, स्थिती लिहायची. घरी जाताना रुग्णाला मराठीत छापलेलं छोटं कार्ड, आणि त्यावर ठळक ओळ: श्वास घेताना छातीत दुखलं किंवा दम लागला तर शेक घेत बसू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना सुया लावल्याचं सांगा.

संमतीपत्र मी लिहून दिलं. आधीच्या फॉर्ममध्ये ‘दुष्परिणाम नाहीत’ असं होतं. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांवर केलेल्या पाहणीत ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना सुईच्या जागी रक्त येणं किंवा काळंनिळं होणं, न्यूमोथोरॅक्स दोघांना. म्हणजे तो अतिशय दुर्मीळ आहे, पण ‘नाहीत’ म्हणण्याइतका नाही. हे आकडे आता फॉर्मवर आहेत. फॉर्म वाचून कुणी उठून गेल्याचं अजून तरी ऐकलं नाही.

कुठे वेगळं वागता आलं असतं

हाडांच्या डॉक्टरांची ‘करून बघा, अपाय काही नाही’ ही चिठ्ठी मला खटकते. चिठ्ठी देणाऱ्याने वजन ४६ किलो हे पाहिलेलं होतं. ‘खांद्यावर आणि पाठीवर खोल सुया नकोत’ एवढी एक ओळ पुरली असती. दोन शास्त्रांच्या दारात उभं राहून रुग्ण दुसरीकडे सोपवताना आपण आपलं शरीरशास्त्र बरोबर पाठवत नाही, हा आमच्याकडचाच दोष आहे.

दुसरा टप्पा बिंदू निवडण्याचा. मानदुखीसाठी हाताच्या करंगळीकडच्या कडेवर, नडगीच्या बाहेरच्या बाजूला, हातापायांवर बिंदू आहेतच. परंपरेत दूरच्या बिंदूंनाही तितकंच महत्त्व आहे. सर नसताना फक्त तेवढेच वापरता आले असते. यावर सरांचं म्हणणं, ‘दुखऱ्या जागी सुई लावल्याशिवाय गाठ सुटत नाही.’ माझं मत वेगळं आहे आणि ते एका चाचणीवरून बनलेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या जर्मन चाचणीत १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्क्यांना आराम होता, बिंदू सोडून नुसत्या वरवर टोचलेल्या सुयांच्या गटात ४४.२ टक्क्यांना, आणि गोळ्या-व्यायामाच्या नेहमीच्या उपचाराच्या गटात २७.४ टक्क्यांना. या आकड्यांवरून ॲक्युपंक्चरवाले आणि त्याचे टीकाकार दोघंही आपापला झेंडा फडकवतात. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते: वरवरची सुईही जवळपास तेवढाच आराम देत असेल, तर फुप्फुसाच्या वर खोल जाण्याचा धोका कशासाठी पत्करायचा? ती चाचणी कंबरेची होती, मानेची नव्हे, हे सरांनी लगेच दाखवून दिलं. बरोबर आहे. पण धोका कुठे आहे ते बघता, खोल सुईचा फायदा सिद्ध करण्याची जबाबदारी ती लावणाऱ्यावर येते.

तिसरा टप्पा रात्रीच्या फोनचा, आणि तिथे थेरपिस्टने केलं तेच करायला हवं होतं. फक्त ते तिच्या धाडसावर अवलंबून राहायला नको होतं. सरांचा शब्द ओलांडून रिक्षा पकडणारी शिकाऊ मुलगी दर वेळी असेलच असं नाही. आता कार्डावरच्या त्या ओळीमुळे तिला कुणाला विचारायची गरज उरलेली नाही.

बाईंचा एक्स-रे तिसऱ्या आठवड्यात साफ आला. मानेचे व्यायाम त्यांनी पुन्हा सुरू केले आणि बँकेत स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणून घेतली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण गोळी क्वचितच लागते. थेरपिस्टने वहीत प्रत्येक बिंदूपुढे एक नवा रकाना आखला आहे, डाव्या हातासाठी, आणि सरांना ती एकेक बिंदू विचारून भरते आहे. सरांना आधी याचा राग यायचा, आता ते स्वतः आठवून सांगतात. एका गोष्टीवर मात्र अजून एकमत झालेलं नाही. मालक डॉक्टरांना खांद्याच्या सुया सोनोग्राफीत बघूनच लावायला हव्यात असं वाटतं. सर म्हणतात, मशीन आलं की हाताचं लक्ष पडद्यावर जाईल. तोपर्यंत जीबी-२१ फक्त सरच लावतात.